बंगळूर नावाचं हत्यार

इंग्रजी युद्धशब्दांच्या यादीत आमचं बंगळूरही आहे! ‘बँगलोर टॉर्पिडो’ म्हणजे स्फोटकं भरलेल्या, एकमेकींना जोडत जायच्या नळ्या. काटेरी तारांखाली सरकवायच्या, उडवायच्या, वाट मोकळी. 1912 साली इथल्या मद्रास सॅपर्स अँड मायनर्समधल्या कॅप्टन मॅक्लिंटॉकनं ही युक्ती काढली. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तारा फोडायला हीच नळी होती, आणि सैनिक तिला नुसतं ‘बँगलोर’ म्हणत. (अलसूर तलावाजवळून जाताना मला हे हटकून आठवतं. त्या पलटणीचा वारसा चालवणारा मद्रास इंजिनिअर ग्रुप तिथेच आहे.)

आता ‘अटॅक’. हा ‘अटॅच’चा सख्खा भाऊ! मूळ इटालियन शब्दाचा अर्थ जोडणं. त्यातूनच लढाईला भिडणं. हसू नका, मराठीतही लढाई ‘जुंपते’च की, बैल गाडीला जुंपावेत तशी.

उलटवाराचे शब्द तर अजून गोड. तलवारबाजीतला ‘रिपोस्ट’ इटालियन ‘रिस्पोस्ता’वरून आला, म्हणजे उत्तर. आपलं ‘प्रत्युत्तर’ हुबेहूब तेच. ‘रिटॅलिएट’च्या पोटात लॅटिन ‘तालिओ’ आहे: जशास तसं.

‘काउंटरअटॅक’ मात्र मला अगदीच सरकारी वाटतो.