मोहाचं झाड मागे राहू नये

गोंड राजा बख्त बुलंद शहानं 1702 मध्ये वसवलेल्या नागपुरात विदर्भाच्या ओळखीचा विषय निघाला की संत्र्याचं नाव आधी येतं. पण भोवतालच्या जंगलातल्या माणसाचं वर्ष संत्र्यावर नाही, मोहावर चालत आलं. मार्च-एप्रिलात पहाटेपासून पिवळट, गरदार फुलं टपटप गळतात. ती वेचून अंगणात वाळवली की मनुक्यासारखी तांबूस होतात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखर असते, म्हणून टंचाईच्या दिवसांत तीच पोटाला आधार. त्यातलीच काही मडक्यात भिजवून चार-सहा दिवस आंबवायची, मडकं चुलीवर चढवायचं, वरच्या भांड्यातलं पाणी सारखं गार ठेवायचं. मग निवलेली वाफ नळीतून बारीक धारेनं उतरते. तिचे पहिले थेंब पूर्वजांच्या आणि पेनाच्या, म्हणजे गोंडांच्या देवाच्या, नावानं जमिनीवर पडतात.

व्याघ्र प्रकल्पातून गाव उठतं तेव्हा नेमकं हेच मागे राहतं. ताडोब्यातलं बोटेझरी मूलजवळ भगवानपूरला वसलं. पुनर्वसनाची रक्कम 2008 मध्ये कुटुंबामागे 10 लाख होती, 2021 मध्ये ती 15 लाख झाली. घर-शेताचं मोल त्यात बसेल, पण पिढ्यान्‌पिढ्या घराण्याकडे असलेल्या मोहाचं कसं बसणार? वनहक्क कायद्यानं 2006 मध्ये वनोपजाची मालकी मान्य केली. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला वनोपजाबरोबर मादक पदार्थांवरही अधिकार दिला. नवं गाव त्या क्षेत्राबाहेर पडलं, तर तो अधिकारही जुन्या शिवारातच राहतो.

मोहाची दारू म्हणजे संसाराची राखरांगोळी, हा आक्षेप खोटा नाही. गडचिरोलीची 1993 ची दारूबंदी लोकांच्या, त्यातही बायांच्या, लढ्यातून आली. पण तो लढा घरं बुडवणाऱ्या धंद्याविरुद्ध होता. पूजेची धार आणि गुत्ता यांतला फरक ग्रामसभेतल्या बायांइतका कोणाला कळतो? किती गाळायची, गाळायची की नाही, हे त्यांनीच ठरवावं. सरसकट बंदीचा अनुभव जुना आहे: 1892 च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात फुलं वेचण्यावरच बंधन घातलं आणि गरिबाचं अन्न गुन्हा ठरलं. महाराष्ट्रानं मोहफुलांवरचे निर्बंध 2021 मध्ये उठवले. मध्य प्रदेशानं पुढे जाऊन पारंपरिक मोहदारूला वारशाचा दर्जा दिला आणि ती गाळण्याचं काम अलिराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी बचत गटांकडे सोपवलं.

मोहाचं रोप फुलावर यायला दहाएक वर्षं लागतात. म्हणून नव्या गावठाणाचा नकाशा आखतानाच मोहाची जागा आणि जवळच्या जंगलात फुलं वेचायचा हक्क लिहून द्यावा. तोवर पेनापुढे धरायची धार विकत आणावी लागेल, आणि विकतच्या धारेत गाव नसतं.