आधी गोळी ठरवा, मग बंदूक

(जळकोट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून दोघातिघांनी मला चहाच्या वेळीच विचारलं, सर, जळकोटला लिव्हरची रायफल कशाला आणली? सांगतो. माझा एक भाचा टेक्सासात असतो. तिकडे रानडुकरांनी इथल्यापेक्षा जास्त उच्छाद मांडलाय. त्याचा एके रात्री फोन आला. "मामा, मला लिव्हर ॲक्शन रायफल घ्यायचीय, गोळ्या घरीच शिसं ओतून करणार. कॅलिबर कुठलं घेऊ?" पुढच्याच आठवड्यात इथल्या एका ऊसवाल्या शेतकऱ्यानं शब्दाला शब्द जुळेल असाच प्रश्न केला. त्यानंही तेच अमेरिकन व्हिडिओ पाहिले होते. प्रश्न एकच, पण दोघांना उत्तरं वेगळी द्यावी लागली. ती का वेगळी, हे आज बघू.

लिव्हरची रायफल म्हणजे काय, ते आधी. सिनेमातले घोडेस्वार चापाखालची कडी खाली ओढून पुन्हा वर मारतात ना, तीच. कडी खाली गेली की रिकामं काडतूस बाहेर, वर आली की भरलेलं आत. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळकांड्यात एकामागे एक बसलेली असतात. हे नळकांडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं पहिलं म्हणणं असं, की माणसं बंदुकीपासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. शिशाची ओतीव गोळी वापरायची असेल तर गोळीपासून सुरुवात करावी लागते. शिसं मऊ. त्याला काय सोसतं आणि काय नाही, यावरून कॅलिबर ठरतं, आणि कॅलिबरवरून बंदूक.

शिशाच्या गोळीचं दुखणं समजायला लांब जायला नको. इथून जवळ नळदुर्ग. कर्नल मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे नाव झालेला, तो १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्गात कारभार बघत होता. तो इथून गेला त्याच वर्षी तिकडे उत्तरेत काडतुसांवरून भडका उडाला. गाईची आणि डुकराची चरबी, हे आपण शाळेत शिकलो. पण काडतुसाला चरबी मुळात लागायचीच कशाला, हे शाळेत कुणी सांगत नाही. एन्फिल्डची नळी .५७७ इंचाची, आणि आत पिळाच्या खाचा. गोळी तोंडाकडून ठासायची, म्हणून ती नळीहून किंचित बारीक, .५६८ इंचाची, वर कागद. बार उडाला की मऊ शिसं फुगून खाचांत बसायचं. वंगण नसेल तर चार बारांत नळी काजळीनं आणि शिशानं इतकी धरायची की पुढची गोळी ठासताच येईना. म्हणून चरबी. मऊ धातू खाचांतून जोरात ढकलायचा तर वंगण पाहिजेच. आज ओतीव गोळीला मधमाशीचं मेण आणि तेल लावतात, ते याच कारणासाठी.

मागून भरायची रायफल आली तेव्हा हिशेब उलटा झाला. आता गोळी नळीहून बारीक चालत नाही, केसभर जाडच लागते. खाचांच्या तळापर्यंतचा व्यास .३०८ इंच असेल तर ओतीव गोळी .३०९ ची. का? फट राहिली तर मागचा तापलेला वायू त्या फटीतून पुढे पळतो आणि जाताना गोळीच्या कडा जाळत नेतो. ते शिसं नळीला चिकटतं. मग निशाणा पार बिघडतो, आणि माणूस दोष देतो दुर्बिणीला.

दुसरी अडचण वेगाची. मऊ शिसं सेकंदाला साधारण ४०० मीटरपर्यंत ठीक चालतं. त्यापुढे ते पिळाला धरून फिरण्याऐवजी खाचांवरून घसरायला लागतं. उपाय आहेत. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करायचं. कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. आणि तुमच्यात कुणी जुन्या छापखान्यात खिळे जुळवलेले असतील तर त्यांना हा मिश्रधातू नवा नाही. लायनोटाइपच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ब्रिनेलच्या मापात शुद्ध शिशाचा कडकपणा ५, याचा २२. आणि साच्यात तो कानाकोपरा भरतो, म्हणून तर अक्षर रेखीव उठायचं. अमेरिकेत छापखाने बंद पडले तेव्हा तिथल्या शिकाऱ्यांनी हे खिळे वितळवून गोळ्या केल्या. आपल्याकडचे बहुतेक भंगारात गेले. शिवाय गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, तिला गॅस चेक म्हणतात. एवढं सगळं केलं की साडेपाचशे-सहाशे मीटरपर्यंत जाता येतं. त्यापुढे जायचा हट्ट करू नये.

आता खरी गोष्ट. जनावर पडतं ते गोळी किती खोल जाते आणि वाटेत काय फोडते त्यावर. वेगावर मर्यादा आली की उरतं वजन आणि जाडी. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. आपल्याला सोपं आहे, १८० ग्रेन म्हणजे एक तोळा. सराफाचा आजचा १० ग्रॅमचा नव्हे, जुना, ११.६६ ग्रॅमचा.

लिव्हर रायफलीचं सगळ्यात खपलेलं काडतूस .३०-३०, म्हणजे थर्टी-थर्टी. विंचेस्टरच्या १८९४ च्या रायफलीसाठी ते १८९५ मध्ये आलं. गोळी १७० ग्रेन, तोळ्याला थोडी कमी. पण हे काडतूस जन्मालाच आलं बिनधुराच्या दारूसाठी आणि तांब्याचं कवच घातलेल्या गोळीसाठी. कवचाची गोळी सेकंदाला ६७० मीटरच्या आसपास जाते. तिथे ओतीव गोळी घालून ५५० वर आलात, तर शक्ती एकतृतीयांशानं घटली. कारण शक्ती वेगाच्या वर्गानं कमी होते, आठवीचं गणित.

दुसरीकडे .४५-७०, फोर्टी-फाइव्ह सेव्हन्टी. अमेरिकन सैन्याचं १८७३ चं काडतूस. नावातला ४५ म्हणजे इंचाचे शतांश, ७० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन. गोळी ४०५ ग्रेन, सव्वादोन तोळे! वेग ४०० मीटर. म्हणजे हे काडतूस मुळात शिशासाठीच बेतलेलं. ओतीव गोळी घातली तर त्याचं काहीच कमी होत नाही. कागदावर शक्ती पाहिली तर कवचाच्या थर्टी-थर्टीपेक्षा ही थोडी कमीच भरते. पण सव्वादोन तोळ्यांचा लगदा डुकराच्या खांद्यात शिरला की तो मध्ये थांबत नाही. कागदी आकड्यांवर मी म्हणूनच फार विसंबत नाही.

या दोघांमध्ये .४४-४० आहे, विंचेस्टर १८७३ चं, २०० ग्रेनचं. ऐतिहासिक म्हणून छान, मोठ्या डुकराला कमी. .४४ मॅग्नम त्याच जाडीचं पण तगडं, काडतूस बुटकं, दारू थोडी, खांद्याला धक्का कमी. पन्नास-साठ मीटरच्या आत ते पुरतं.

आणि ते नळकांडं. त्यात पुढच्या काडतुसाच्या बुडावर मागच्या काडतुसाचं टोक टेकलेलं असतं. बुडाच्या मध्यभागी असते टोपी, जिच्यावर ठोका बसला की बार उडतो. टोक अणकुचीदार असेल आणि बंदुकीला धक्का बसला, तर हातातच अनर्थ. म्हणून लिव्हर रायफलीला चपट्या तोंडाची गोळी. साचा आपला असेल तर तोंड हवं तसं चपटं घेता येतं, आणि चपटं तोंड जखमही रुंद करतं. म्हणजे रायफलीची अडचण ओतीव गोळीच्या पथ्यावर पडली. या दोघांची जोडी जमते ती इथे.

भाच्याला मी सांगितलं, .४५-७० घे, पण नळीच्या खाचा विचारून घे. काही मार्लिन रायफलींत खाचा संख्येनं जास्त आणि उथळ असतात. कवचाच्या गोळीला उत्तम, मऊ शिशाला पकड कमी, मग गोळी आणखी केसभर जाड लागते. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नको. रिकाम्या नळीतून तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा हलक्या हातानं ठोकून पार कर आणि तो माप. नळीचं खरं माप तेच. आणि शंभर वर्षांपूर्वीची रायफल हौसेनं घेतलीस, तर तिच्यात आजची जोरकस काडतुसं घालू नको.

त्याला अंतरही बजावलं. १०० मीटरला निशाणा बसवला, तर २०० मीटरला ही गोळी जवळजवळ मीटरभर खाली येते. मीटरभर म्हणजे डुकराच्या पायाखालची माती, नाहीतर फुटलेला पाय. फुटलेल्या पायाचं डुक्कर रात्रभर उसात तडफडतं, आणि सकाळी त्याला शोधायला जाणारा माणूस घरी धड येईल याचा भरवसा नाही. तेव्हा शंभरच्या पुढे चापाला बोट लावायचं नाही.

कायद्याची एक गंमत तुमच्यातल्या ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी. टेक्सासात २०१९ पासून खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीनं, रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. पण एच-वनसारख्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगायलाच मनाई आहे. त्यातून सुटायच्या थोड्या वाटांपैकी एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. म्हणजे डुकरासाठी नको असलेला कागद स्वतःसाठी लागतो. आपली पोरं इथेच अडकतात.

आता आपल्या ऊसवाल्याकडे येऊ. त्याला मी सांगितलं, यातलं तुझ्या कामाचं काही नाही. त्याला राग आला. साहजिक आहे. एका रात्रीत भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं झालेलं ज्यानं पाहिलंय, त्याला उपदेश कडूच लागतो.

पण वस्तुस्थिती बघा. परदेशी रायफल खाजगी माणसाला आयात करणं कित्येक दशकांपासून जवळपास बंद आहे. इथे परवान्यावर मिळते ती मुख्यतः बारा बोअर, आणि ईशापूरची .३१५. या .३१५ चीही गोष्ट आहे. हिंदुस्थानात कॅलिबर शिकाऱ्यानं कधी निवडलंच नाही, ते सरकारनं निवडलं. सैन्याचं काडतूस लोकांच्या हाती लागू नये म्हणून .३०३ नागरिकांना बंद. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० ची आयातही बंद केली, तेव्हा विलायती बंदूकवाल्यांनी हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. तसंच .३१५, सैन्याच्या कामाचं नाही म्हणून तुमच्या वाट्याला. गोळी २४४ ग्रेनची, कवचाची. चुकली तर दोन शेतं ओलांडून वस्तीवर जाऊ शकते. आपली जमीन सपाट, गोळी अडवायला मागे टेकडी नाही, आणि रात्री शेतात जागलीला माणसं. त्यामुळे रायफल, कुठल्याही कॅलिबरची, इथे जमिनीवर उभं राहून चालवणं मला पटत नाही. मचाणावरून खाली रोखून मारलं तर गोळी मातीत जाते.

घरी काडतूस भरायचं म्हणाल, तर परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. आणि जनावर मारायचं तर वन्यजीव कायदा १९७२, कलम ११. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखातं रानडुकरासाठी लेखी परवानगी देऊ शकतं. ती हातात नसेल तर बंदुकीचा परवाना असूनही शिकार गुन्हाच. काळविटाच्या बाबतीत तर शेतकऱ्यानं विचारही करू नये, ते पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून आधी पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज, परवानगीचा अर्ज. कंटाळवाणं आहे, मान्य. पण कुंपणात वीज सोडण्यापेक्षा बरं. त्या तारेला डुकराआधी शेजारचा माणूस चिकटतो, अशा बातम्या आपण सगळेच वाचतो.

(इथे एका श्रोत्यानं विचारलं, शिशाची गोळी लागलेलं मांस खाल्लं तर विष चढत नाही का?)

चांगलं विचारलंत. शिसं विषारीच, आणि लहान मुलांना त्याची सुरक्षित अशी मात्रा नाही. वेगवान कवचाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांब पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत. जड, सावकाश ओतीव गोळी कमी फुटते, पण ती शिशाचीच. जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाकावं, आणि ते रानात न टाकता पुरावं. कॅलिफोर्नियात काँडोर नावाची गिधाडं असली उरलंसुरलं खाऊन मरायला लागली, म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळीच बंद आहे. ओतणाऱ्यालाही धोका आहेच. मोकळ्या हवेत ओतायचं, हात धुतल्याशिवाय खायचं नाही, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. पडला तर भांडं अंगावर उसळतं. भाच्यानं त्यासाठी गॅरेजचा कोपरा ठरवला होता. त्याच्या बायकोनं तो बंद पाडला, मुलगी दोन वर्षांची आहे म्हणून. आता तो तयार ओतीव गोळ्या विकत आणतो.