नावाचा रंग आणि डब्यातली शाई

छपाईच्या व्यवहारात रंग म्हणजे शाई, आणि प्रत्येक शाईला स्वतंत्र प्लेट लागते. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तरी माझे निम्मे विवेचन झाले असे मी समजेन. संगणकाच्या पडद्यावर रंगांना तोटा नसतो. यंत्रावर मात्र प्रत्येक जादा शाई म्हणजे आणखी एक प्लेट, रोलरची आणखी एक धुलाई आणि बिलात आणखी एक रक्कम. पानावरील मजकूर व चित्रे शाईवार वेगळी करून प्रत्येकीची प्लेट सिद्ध करणे, याला रंगविभाजन म्हणतात.

बडोदेकरांना हा विषय परका वाटू नये. येथील राजवाड्याच्या दरबारासाठी ज्यांनी पौराणिक चित्रे रंगविली, त्या राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. अशा छपाईत दर रंगाला निराळी शिळा लागे, आणि चित्रातले रंग कोणत्या शिळेवर किती वाटायचे हे कारागीर नजरेने ठरवी. आता ती वाटणी संगणक करतो. तो काही विचारीत नाही. फाइलीत लिहिलेले निमूटपणे पाळतो.

नेहमीची रंगीत छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शायांच्या बारीक ठिपक्यांनी होते. कोणतेही रंगीत मासिक भिंगाखाली धरावे म्हणजे ते ठिपके दिसतील. छायाचित्राला ही रीत उत्तम. परंतु लग्नपत्रिकेवरचा सोनेरी रंग ठिपक्यांतून साधत नाही, कारण त्या शाईत धातूची पूड असते. उजळ भगवाही मॅजेंटा-पिवळ्याच्या मिश्रणात काहीसा मळकट उतरतो. अशा वेळी डब्यातच तयार मिसळलेली शाई वापरतात. तिला स्पॉट कलर म्हणतात. दुसरे कारण काटकसरीचे. काळा आणि एक लाल एवढ्यावर सुबक दुरंगी स्मरणिका निघते, आणि लहान संस्थांना ती परवडते.

खरी अडचण नावांची आहे. अमेरिकेतील पँटोन कंपनीने १९६३ पासून मिश्र शायांना क्रमांक दिले, त्यामुळे मुंबईतला आणि बडोद्यातला छापणारा एकाच लालाविषयी बोलू लागला. क्रमांकापुढचे ‘सी’ गुळगुळीत लेपाच्या कागदावरील नमुना दाखवते, ‘यू’ साध्या कागदावरील, शाई तीच. जुन्या प्रोग्रॅमांत त्याच शाईला ‘सीव्हीसी’ असेही शेपूट असे. माणसाला हे कळते. संगणक फक्त अक्षरे ताडून पाहतो, आणि अक्षर बदलले की शाई बदलली असे मानतो. एका संस्थेच्या दुरंगी मुखपृष्ठाची फाइल माझ्याकडे आली, तिच्यातून चार प्लेटा निघत होत्या: काळा, आणि एकाच लालाच्या तीन. बोधचिन्ह एका प्रोग्रॅममधून आले होते, शीर्षक दुसऱ्यातून, आणि चौकटीच्या लालाला कोणीतरी हौसेने ‘कुंकू’ असे नाव दिले होते. इनडिझाइनच्या शाई-व्यवस्थापकात दोन नावे तिसऱ्याकडे वळवून दिली आणि काम दोन प्लेटांवर आले. हे ध्यानात आले नसते, तर वर्गणीचे पैसे दोन निरुपयोगी प्लेटांत गेले असते.

म्हणून फाइल देण्याआधी रंगविभाजनाचे पूर्वदर्शन उघडावे आणि एकेक शाई बंद करून पाहावी. काळी बंद केली की सारा मजकूर नाहीसा झाला पाहिजे. काही अक्षरे मागे उरली, तर ती चार शायांच्या काळ्यात बसवलेली आहेत. छपाईत प्लेट केसभर सरकली तरी त्यांच्या कडा फुटतील. रंगांच्या यादीतला ‘रजिस्ट्रेशन’ हा पडद्यावर काळाच दिसतो, पण तो सर्व प्लेटांवर उमटतो. तो जुळणीच्या खुणांपुरताच राखावा.

लाल पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरे असली, तर लाल प्लेटीत त्या आकाराची भोके ठेवायची की लालावरच सोनेरी छापायचे, हेही फाइलीतच ठरते. भोके ठेवली तर जुळणी किंचित चुकताच कडेला पांढरी रेघ दिसते. ती झाकण्यासाठी फिका रंग गडद रंगात थोडा शिरवावा लागतो. सोनेरी शाई बरीच अपारदर्शक असल्याने वरून छापणे मला अधिक पसंत आहे. पांढऱ्या अक्षरांवर मात्र ही खूण चुकूनही राहू नये. पांढरी शाई नसल्यामुळे ती अक्षरे छपाईत नाहीशीच होतात.

२०२२ च्या अखेरीस अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅमांतून पँटोनचे बहुतेक रंगसंग्रह काढून घेण्यात आले. वेगळी वर्गणी न भरणाऱ्यांच्या फोटोशॉपमध्ये काही जुन्या फाइलींतले रंग काळे दिसू लागले. क्रमांक भाड्याचा असू शकतो, हे तेव्हा अनेकांना उमगले. तेव्हापासून मी प्रत्येक कामाच्या पाकिटात शाईच्या मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवतो, आणि त्याच कागदावर छापलेला बोटभर तुकडा, तारीख घालून, काळ्या कागदात गुंडाळून. कारण उघडा राहिला तर उजेडाने तोही उडतो.