कानाचं मशीन : थेट विकत घ्यायचं की तपासणी करून?

अब्बांना जुम्याचं बयान नीट कळत नाही, अम्मी टीव्हीचा आवाज वाढवतच नेतात. मग अमेरिकेतला भाचा फोनवर सांगतो, "इथे दुकानात मशीन मिळतं, पाठवून देतो." घरच्यांना वाटतं, प्रश्न मिटला. पण आधी थोडं समजून घेऊ या.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून चिठ्ठीशिवाय कानाचं मशीन विकायला परवानगी आहे. पण ते फक्त १८ वर्षांवरील आणि सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. शांत खोलीत बोलणं कळतं, पण गर्दीत, दावतीत कळत नाही, अशांना त्याचा उपयोग होऊ शकतो. ज्यांना गाडीचा हॉर्नही नीट ऐकू येत नाही, त्यांना ते पुरणार नाही. लहान मुलांना तर ते कधीच लावू नये.

वयानुसार बहुतेकदा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून हाक ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी साधी यंत्रं सगळेच आवाज वाढवतात, पंख्याचा आणि भांड्यांचासुद्धा. कंटाळून माणूस मशीन कपाटात ठेवून देतो. ऑडिओलॉजिस्ट मात्र आधी दोन्ही कानांची तपासणी करतो आणि जो आवाज कमी ऐकू येतो तेवढाच वाढेल असं मशीन बसवून देतो. कधी कधी तर कानात नुसता मळ साचलेला असतो, मशीनची गरजच नसते!

अचानक ऐकू येईनासं झालं, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, कान वाहत किंवा दुखत असेल, चक्कर येत असेल, तर मशीन शोधत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात तर एक दिवसही घालवू नका, उपचाराला उशीर झाला तर ऐकू येणं परत येण्याची आशा कमी होते.

खर्चाची चिंता असेल तर मुंबईत वांद्रे इथल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नानुसार मशीन मोफत किंवा निम्म्या खर्चात मिळू शकतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

आणि हो, वुजू करण्याआधी मशीन आठवणीने काढून ठेवा. सवय व्हायला काही आठवडे लागतात, तोवर घरच्यांनीही समोर बसून, सावकाश बोलावं. भाच्याला नाही म्हणू नका, फक्त सांगा : आधी तपासणी, मग मशीन.