12 बोअर आणि शिशाचे छर्रे

आता 12 बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसते, ती नळी. साधारण साडेअठरा मिलिमीटरची. छर्ऱ्यांचा नंबर मात्र उलटा चालतो, नंबर वाढला की छर्रा बारीक. बदकाला 4 ते 6 नंबर, उजनीला येणाऱ्या पट्टकादंबासारख्या मोठ्या पक्ष्याला त्याहून जाड.

खरी गोम शिशात आहे बरं का. नेम चुकलेले छर्रे तळ्याच्या गाळात पडतात. बदकं ते खडे समजून गिळतात, पोटात ते झिजतात आणि विष भिनतं. अमेरिकेनं 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं. पोलाद हलकं, म्हणून तिथं छर्रा दोन नंबर मोठा घेतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यात उरलेली परवान्याची शिकार त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं संपली. तळेगावच्या तळ्यावर जाताना आता दुर्बीण घ्यायची.