आपल्या हिरवळीला डाग का पडले?

झेंड्याच्या खांबाभोवतीची आपली हिरवळ हरळीची आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजे हीच. माझी आजी हसून म्हणाली, "आम्ही शेतातली हरळी खणता खणता म्हातारे झालो, आणि तुम्ही तिला पाणी घालता!" पण एवढ्या चिवट गवतालाही रोग होतो. पाऊस सरल्यावर आपल्या हिरवळीवर थाळीएवढे पिवळे डाग पडले. काहीजण म्हणाले, औषध फवारा. पण तिथे आपण अनवाणी खेळतो, पहिलीची मुलं तर लोळतात. म्हणून गुरुजींनी आधी कारण शोधायला सांगितलं.

असे डाग बहुधा बुरशीचे असतात. बुरशीला ओलं पान लागतं. आपण शाळा सुटल्यावर पाणी शिंपडत होतो. त्यात रात्रीचं दव. म्हणजे पान सकाळपर्यंत ओलंच! चूक आपलीच होती. पाणी सकाळी घालावं, उन्हानं पानं लवकर सुकतात. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खोल जातात.

कापणीतही आपण गवत अगदी बोडकं करतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये. १ ते १॥ इंच गवत राहू द्यावं. विळा बोथट असला तर पान फाटतं आणि तिथून रोग शिरतो. ओलं गवत तर कापूच नये, बुरशी सगळीकडे पसरते.

युरिया जास्त झाला की गवत कोवळं, लुसलुशीत होतं व लवकर रोगट होतं. उपाशी ठेवलं तर तांबेरा येतो. पान चोळल्यावर बोटाला नारिंगी पूड लागली की तांबेरा समजावा. पालकांनी घाबरू नये, हरळीचा तांबेरा गव्हावर जात नाही. चाळलेलं शेणखत पातळ पसरलेलं बरं.

आपण रांगेनं जातो तिथली माती दगडासारखी झाली आहे, पाणी मुरत नाही. तिथे पहारीनं चार बोटं खोल भोकं पाडून वाळू भरायची आहे.

प्रत्येक डाग मात्र बुरशीचा नसतो. गवत ओढून बघा. चटईसारखं उचलून आलं आणि खाली पांढरी वाकडी अळी दिसली, तर ती हुमणी. कुत्र्याच्या मुतानंही गवत जळतं.

आता पाणी सोमवारी आणि गुरुवारी, प्रार्थनेआधी. हापशावर तेव्हा बायांची गर्दी असते, म्हणून पाळीवाल्यांनी अर्धा तास लवकर यावं.

— इयत्ता ७ वी