ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला कोणतं ऑइल घालायचं?

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, किलोमीटर बरेच झालेत, आता गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचंय. दुकानातून कोणता डबा आणायचा? इंजिन ऑइलमध्ये थोडं इकडंतिकडं झालं, तर गाडी सहसा सांभाळून घेते. इथं तसं नाही. चुकीच्या ऑइलने गिअरबॉक्स उघडायची वेळ येऊ शकते आणि जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने तो खर्च फार मोठा असतो.

म्हणून डब्याच्या आधी गिअरबॉक्स ओळखा. ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली आपल्याकडे मुख्यतः चार प्रकार विकले जातात.

पहिला एएमटी. आत नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्याला मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं. हे काम करणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल, तर तिचं ऑइल वेगळं.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. इथं इंजिनची ताकद ऑइलमधूनच पुढे जाते आणि आतल्या क्लच प्लेट्सही ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ज्याला एटीएफ म्हणतात, ते खरं याचं.

तिसरा सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. ऑइलने झीज थांबवायची, पण पट्टा घसरू द्यायचा नाही. यात साधं एटीएफ घातलं, तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडू शकतात.

चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला. काहींचे क्लच ऑइलमध्ये असतात, काहींचे कोरडे. फोक्सवॅगनच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू २०० मध्ये गिअरचं ऑइल वेगळं आणि मेकॅट्रॉनिक युनिटचं वेगळं असतं.

आता मारुतीची बलेनो घ्या. २०२२ च्या आधीची ऑटोमॅटिक बलेनो सीव्हीटी होती. २०२२ च्या नव्या मॉडेलपासून एजीएस, म्हणजे एएमटी आली. नाव एकच, ऑइल पूर्ण वेगळं. त्यामुळे दुकानात नुसतं ‘बलेनो ऑटोमॅटिक’ सांगून भागत नाही.

खरं उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि ते कोडच्या रूपात असतं. होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, टोयोटाच्या बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांना डब्ल्यूएस. टोयोटाच्याच काही जुन्या गाड्यांना टी-४ लागायचं. दोन्ही लाल, दोन्ही एकाच कंपनीची, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. लाल हा फक्त रंग आहे, तो दर्जाची खूण नाही.

‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असा डबा समोर आला, तर त्याची मागची बाजू वाचा. आपला कोड तिथं आहे का? असेल तर गाडीच्या कंपनीची मंजुरी आहे, की ‘वापरता येईल’ हा फक्त ऑइल कंपनीचा दावा? गाडी वॉरंटीत असेल, तर मॅन्युअलमधलंच ऑइल घाला.

बरेच लोक म्हणतात, हे ऑइल ‘लाइफटाइम’ असतं. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. घाट, ट्रॅफिक, उन्हाळा, भरलेली गाडी, यांनी ऑइल तापतं आणि लवकर थकतं.

अजून एक. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचा नट उघडल्यावर सगळं ऑइल बाहेर येत नाही. बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणजे चुकीचं ऑइल एकदा आत गेलं, की एका फेरीत निघत नाही. आणि पुष्कळ गाड्यांत लेव्हल ठरावीक तापमानालाच तपासावी लागते. किती तापमानाला बघणार, हे मेकॅनिकला आधी विचारा. उत्तर आलं नाही, तर दुसरं गॅरेज शोधा.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला किंवा बेळगावला, मेकॅनिकची भाषा बदलेल, पण कोड बदलत नाही. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तो दाखवा, सीलबंद डबा समोर उघडायला लावा आणि पक्कं बिल घ्या.